डिंडोलीच्या भाचीला, कारखान्याच्या फिल्मसाठी

पोरी, उधन्यातल्या शेठनी कारखान्याची फिल्म तुला दिली हे ताईनं फोनवर सांगितलं. त्याच रात्री तू ड्रोनच्या किमती बघत बसलीस, हेही तिनंच सांगितलं. ड्रोन कुठं पळून जात नाही. आधी मामाजवळ घटकाभर बस.

कारखाना कसला, तर कापड रंगवणाऱ्या मिलवाल्यांसाठी स्टेनलेस स्टीलची जेट डाइंग मशिनं बनवणारा. शेठना हवी ‘सिनेमासारखी’ फिल्म. यात एक गोष्ट तुझ्या बाजूची आहे, आणि ती मुंबईच्या मोठ्या कंपनीला विकत मिळायची नाही. सुरतेच्या डिंडोली, नवागाम, लिंबायत, उधना या पट्ट्यात धुळे-नंदुरबार-जळगावकडून येऊन वसलेली घरंच घरं आहेत. तुझ्या गल्लीतून सकाळी डबा घेऊन निघणारी माणसं असल्याच शेडमध्ये जातात आणि तुझ्याशी अहिराणीत बोलतात. कारखान्याची फिल्म चांगली होते ती काम समजल्यानं आणि काम करणाऱ्याला ओळखल्यानं. त्यातलं अर्धं तुझ्या घरात आहे. उरलेलं लिहून देतो.

१. पहिल्या भेटीला कॅमेरा नेऊ नकोस, वही ने – कॅमेरा दिसला की माणूस काम थांबवून केस नीट करतो, वही दिसली तर काम करता करता बोलतो.

२. एक अख्खी पाळी शेडमध्ये उभी राहा, गेट उघडल्यापासून गेट बंद होईपर्यंत – माल कधी येतो, क्रेन कधी मोकळी असते, छपरातल्या काचपत्र्यातून ऊन कुठल्या वेळी रोलिंग मशीनवर उतरतं, हे केबिनमध्ये चहा पिताना कळत नाही. शूटिंगचं वेळापत्रक तिथंच उभ्याउभ्या तयार होतं. शेठ सांगतील ते ऐकावं, शेड दाखवेल ते लिहावं.

३. मशीन कसं बनतं ते जुन्या फिटरकडून क्रमानं समजून घे: पत्रा येतो, कापला जातो, रोल होतो, टोकांना बशीसारखी झाकणं (डिश एंड) बसतात, मग आर्गन वेल्डिंग, बफिंग, पाइपिंग, पॅनेल, आणि शेवटी हायड्रो टेस्ट – फिल्म बघणारा गिऱ्हाईक स्वतः मिल चालवतो, क्रम चुकला की पाच सेकंदांत ओळखतो आणि पुढचं काहीच खरं मानत नाही.

४. “ही फिल्म कोण बघणार?” हे शेठना विचार आणि उत्तर त्यांच्यासमोर वहीत लिही – सरसाण्याच्या प्रदर्शनात स्टॉलसमोर उभ्या माणसाला आवाज ऐकू येत नाही, परदेशातल्या गिऱ्हाइकाला गुजराती कळत नाही, आणि बँकेच्या साहेबाला ठिणग्यांशी काही घेणं नसतं. सगळ्यांसाठी एकच फिल्म मागितली तर एक मोठी आणि दोन छोट्या असं तेव्हाच ठरवून टाक, म्हणजे प्रत्येकीचे शॉट आठवणीनं घेतले जातील.

५. पैशाची बोलणी करण्याआधी मिनिटभराचा नमुना दाखव – दादासाहेब फाळक्यांनी भांडवल उभं करताना कुंडीतलं वाटाण्याचं रोप रोज थोडंथोडं टिपून त्याची वाढ पडद्यावर दाखवली होती, ‘राजा हरिश्चंद्र’ त्यानंतरचा. तुला एक वेल्डर, त्याचे हात आणि आर्गनचा सूं आवाज पुरे.

६. “कंपनीची फिल्म म्हणजे काय सिनेमा थोडाच” असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नकोस – सिनेमाची सुरुवातच कारखान्याच्या दारात झाली आहे. १८९५ मध्ये ल्युमिएर बंधूंनी ल्योंच्या आपल्याच कारखान्यातून सुटणारे कामगार टिपले, आणि ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात आपल्या देशातला पहिला खेळ झाला त्यातही ते कामगार होते. फाळक्यांनी तळेगावच्या काच कारखान्यावर छोटी फिल्म केली. तो कारखाना पैसा फंडाचा, लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून उभारलेला. आणि तू राहतेस त्या गुजरातेत १९७६ चा ‘मंथन’ पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये घालून उभा केला. दिग्दर्शन श्याम बेनेगलांचं, पटकथेत विजय तेंडुलकर, आणि पडद्यावर आपल्या शिरपूरच्या पाटलांची स्मिता. धंद्याच्या पैशातून केलेलं काम हलकं असतंच असं नाही. हलकं होतं ते हलक्या मनानं केलं तर.

आता कागदाचं. तुला याचा कंटाळा, ठाऊक आहे मला. तरी वाच.

७. मंजुरी देणारा माणूस एकच ठरव आणि त्याचं नाव करारात लिही – एका घरात थोरले शेठ, दोन मुलं आणि जावई असले की चौघांची आवड चार दिशांना जाते. दोन धनी, दहा दुरुस्त्या. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या दरात धर, तिसरीचा दर आधीच लिहून ठेव.

८. निम्मे पैसे आधी घे – गाडी, जेवण, लाइटचं भाडं हे सगळं शूटच्या दिवशीच रोख द्यावं लागतं.

९. उद्यम नोंदणी आजच कर, फुकट होते – २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, आणि आयकराच्या एका कलमामुळे वेळेत न दिलेली रक्कम देणाऱ्याला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. मग त्यांचा सीएच तुझ्या बिलाची आठवण करून देतो.

१०. तारीख ठरवताना पंचांग बघ – दिवाळीपासून लाभपाचमीपर्यंत सुरत बंद, आखाजीला आपली खानदेशी माणसं गावाला, ओडिशा आणि उत्तरेकडचे कारीगर आपापल्या सणांना. वसाहतीची साप्ताहिक सुट्टी कुठल्या वारी आहे तेही विचार. ती रविवारीच असते असं धरून चालू नकोस.

११. जून ते सप्टेंबर बाहेरच्या शॉटवर भरवसा ठेवू नकोस, पण आतलं काम याच दिवसांत कर – ढगाळ आभाळाचा उजेड पत्र्याच्या शेडमध्ये मऊ आणि दिवसभर सारखा राहतो.

१२. हे नीट ऐक. तुझ्या शॉटसाठी ज्याचं मशीन थांबेल, तो रोजावर आहे की नगावर, हे आधी विचार – नगावर काम करणाऱ्याची तासभराची थांबणूक त्याच्या खिशातून जाते. शेठना सांगून त्या वेळेचे पैसे त्याला मिळतील अशी सोय शूटच्या आधी कर आणि त्यालाही ते कळू दे. ही रक्कम तुझ्या लाइटच्या भाड्यापेक्षाही कमी असते. पण ती दिली नाही तर तो कॅमेऱ्यासमोर हसेल तेवढा हसेल, हात मात्र घाईनं चालतील, आणि ती घाई मोठ्या पडद्यावर दिसते. शेठ नाही म्हणाले तर तुझ्या बजेटमधून दे. ज्याच्या हाताला काळं, फिल्म त्याच्या हातात.

१३. ज्याचा चेहरा दिसणार त्याची लेखी संमती घे, त्याला वाचता येईल अशा भाषेत, आणि वाचता येत नसेल तर वाचून दाखव – माणूस पुढं काम सोडतो, दुसऱ्या कारखान्यात जातो, आणि फिल्म वर्षानुवर्षं चालत राहते. एखादा नको म्हणाला तर कारण विचारू नकोस, फक्त हात घे.

१४. नावं पहिल्या दिवशीच पाठ कर, आणि मोठ्या माणसाला भाऊ, आप्पा म्हणूनच हाक मार – “ओ निळा शर्ट, जरा इकडे” म्हटलेल्या माणसाकडून तुला खरा चेहरा मिळायचा नाही.

१५. जेवणाच्या सुट्टीत शूट लांबवू नकोस – तुमच्यासाठी हॉटेलातून लोचो-खमण येतं, त्यांचा डबा मात्र पहाटे भरलेला असतो.

शेडमध्ये शिरलीस की हे:

१६. ओढणी नाही, सैल बाही नाही, मोकळे केस नाहीत, पायात सेफ्टी शूज – रोल आणि शाफ्ट माणूस ओळखत नाहीत. कॅमेऱ्याचा पट्टाही गळ्यात अडकवून फिरत्या यंत्राजवळ जाऊ नकोस.

१७. क्रेनला माल लटकलेला असताना त्याखालून जायचं नाही, शॉट कितीही सुंदर असो – तोच शॉट बाजूनं, लांब लेन्सनं जास्त चांगला येतो.

१८. तुझे लाइट कुठल्या बोर्डावर लावायचे ते कारखान्याच्या इलेक्ट्रिशियनलाच ठरवू दे – भलत्या लाइनवर भार पडून मशीन बंद पडलं तर त्या दिवसाचं काम गेलं, आणि सगळ्या शेडचा रागही तुझ्यावर.

१९. आत गेल्यावर सगळ्यात आधी बाहेर पडायच्या वाटा बघ आणि आपल्या पोरांना दाखव. मिलमध्ये शूट असेल तर रसायनं कुठं ठेवतात तेही विचार – ६ जानेवारी २०२२ च्या पहाटे सचिन जीआयडीसीत टँकरमधून रसायन सोडलं जात असताना वायू पसरला आणि सहा कामगार गेले. ते कामावर आले होते, तसेच आपणही कामावर जातो. विचारलेली वाट लांब पडत नाही.

२०. सेफ्टी ऑफिसरला मॉनिटरजवळ खुर्ची दे – हेल्मेट, चष्मा, हातमोजे नसलेला एक माणूस मागं दिसला तरी परदेशातला गिऱ्हाईक तिथंच बोट ठेवतो, आणि तो शॉट नंतर दुरुस्त होत नाही. फिल्मसाठी म्हणून नवी हेल्मेटं वाटू नकोस हेही सांग; वापरलेलं, नाव लिहिलेलं हेल्मेटच खरं दिसतं. नवी द्यायचीच तर महिनाभर आधी देऊन कायमची वापरायला लाव.

२१. फळ्यावरचे आकडे, ड्रॉइंग, जॉब कार्ड, खोक्यांवरची दुसऱ्या कंपन्यांची नावं, कॉम्प्युटरचा पडदा, हे सगळं रोल म्हणण्याआधी एकदा नजरेखालून घाल – शेठच्या प्रतिस्पर्ध्यानं तुझी फिल्म थांबवून थांबवून बघितली तर त्याला काय मिळेल, असा विचार करून बघ.

उजेडाबद्दल आणि स्टीलबद्दल जरा जास्त सांगतो, कारण ‘सिनेमासारखी’ या शब्दाचा निकाल इथंच लागतो.

२२. कॅमेरा २५ फ्रेमवर आणि शटर १/५० वर ठेव – आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून शेडमधले दिवे सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होतात. शटर त्या तालाशी जुळलं नाही तर चित्रात पट्टे धावतात. स्लो मोशनला १०० फ्रेमपर्यंत १/१०० शटरनं निभावतं. त्याच्या वर जायचं असेल तर दिवे बंद करून स्वतःचे लाइट लाव, किंवा उन्हात घे.

२३. शेडमधल्या सगळ्या ट्यूब एकदा बंद करून बघ – जुनी पिवळी, नवी पांढरी आणि काचपत्र्यातून येणारी हिरवट अशी तीन रंगांची सरमिसळ असली की माणसांचे चेहरे आजारी दिसतात. बऱ्याचदा फक्त छपराचा उजेड आणि तुझा एक लाइट इतकंच पुरतं.

२४. बफिंग झालेल्या स्टीलसमोर कॅमेरा लावलास की त्यात तू, तुझा लाल टी-शर्ट आणि चहा पिणारा असिस्टंट तिघंही दिसता. म्हणून सगळ्यांनी काळे कपडे घाला आणि मोठं काळं कापड सोबत ठेवा – पोलरायझर काचेवरची आणि पाण्यावरची चकाकी मारतो, धातूवरची मारत नाही. स्टीलवर लाइट सरळ मारू नकोस. पांढरा कपडा ताणून त्याच्यावर लाइट टाक आणि तो कपडा स्टीलमध्ये दिसू दे. मग पत्र्याची गोलाई नजरेला जाणवते.

२५. वेल्डिंगच्या ठिणगीजवळ जाताना लेन्सवर साधा काचेचा फिल्टर चढव – उडालेला कण फिल्टरला चिकटला तर थोडक्यात निभावतं, लेन्सला चिकटला तर महिन्याची कमाई जाते. उघड्या डोळ्यांनी आर्क बघायचा नाही, मॉनिटरवर बघ. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं आणि दुसऱ्या दिवशी फोकस कोण धरणार?

२६. लेझर कटिंग किंवा मार्किंगसमोर कॅमेरा थेट धरू नकोस – किरण सेन्सरवर पडला की तिथं कायमचा ठिपका राहतो.

२७. लेन्स शेडमध्ये बदलू नकोस, ऑफिसात जाऊन बदल – ग्राइंडिंगची धूळ लोखंडाची असते, सेन्सरवर बसली की फुंकरीनं जात नाही.

२८. मिलमध्ये जाताना कॅमेरा एसीतून थेट वाफेत काढू नकोस, अर्धा तास पिशवीतच बाहेर ठेव – गार काचेवर वाफ धरते आणि पुसून पुसून डाग तेवढे राहतात.

२९. धुराचं मशीन आणायचं म्हणशील तर आधी विचार – फायर अलार्म वाजला की सगळी शेड बाहेर येते. डाइंगच्या खात्यात वाफ आपोआप असते, ती वाट बघणाऱ्यालाच सापडते.

३०. आता खरी अडचण. हे मशीन जे काम करतं ते दिसतच नाही! पॉलिस्टरला रंग नीट चढायला १३० अंशांच्या आसपास ताप लागतो, म्हणून सगळं बंद भांड्यात, दाबाखाली चालतं. आत कापड दोरासारखं गोळा होऊन रंगाच्या पाण्याच्या झोतावर फिरत राहतं, आणि बाहेरून बघणाऱ्याला उभी स्टीलची टाकी. सगळ्या कंपन्या इथं कॉम्प्युटरवर निळे बाण फिरवतात. तू आधी मशीनच्या आत बघायच्या काचेजवळ कॅमेरा लावून बस. काचेमागून सरकत जाणारं ओलं कापड एकदा नीट मिळालं की निम्मी गोष्ट सांगून होते. मग मिलच्या डाइंग मास्टरला धर – त्याची नजर गेजवर असते, कान पंपाच्या आवाजावर, आणि नमुन्याचा तुकडा हाती आला की तो दाराबाहेर उजेडात जाऊन हव्या त्या रंगाशी ताडून बघतो. आतला रंग त्याच्या चेहऱ्यावर दिसतो. पांढरं कोरं कापड आत जाताना आणि रंगलेला तागा बाहेर येताना, कॅमेरा एकाच जागेवरून, एकाच लेन्सनं घे. मशीन थांबल्यावर दाब उतरेपर्यंत झाकणाजवळ जायचं नाही, मास्टरनं सांगितल्याशिवाय तर नाहीच.

३१. हायड्रो टेस्टचा दिवस विचारून ठेव आणि त्या दिवशी जाच – भांड्यात पाणी भरून नेहमीच्या दाबापेक्षा जास्त दाब देतात, काटा हळूहळू चढतो आणि वेल्डर आपल्याच जोडाकडे बघत उभा असतो. असला प्रसंग लिहून आणि नट आणून मिळत नाही.

३२. शेठचं मशीन ज्या मिलमध्ये बरीच वर्षं चालतंय तिथं एक दिवस घे, पांडेसऱ्यात नाहीतर सचिनला – नवं चकचकीत मशीन कुणाचंही छान दिसतं, गिऱ्हाइकाला जुनं चालताना बघायचं असतं. मिलमालकाची परवानगी शेठनीच मागावी, तू नाही.

३३. प्रत्येक मशीनचा आवाज वेगळा, निवांतपणे, मिनिटभर रेकॉर्ड कर – एडिटिंगमध्ये हीच तुझी पेटी-तबल्याची जोडी.

३४. बोलणं शेडमध्ये घेऊ नकोस – कानाशी ओरडून बोलणारा माणूस भांडतोय असं वाटतं. ऑफिसात घे, एसी-पंखा बंद करून. उधना-जळगाव लाइन जवळ असेल तर गाडी जाईपर्यंत गप्प बस. हॉर्नवर वाक्य कापता येत नाही.

३५. थोरल्या शेठना लिहून दिलेलं भाषण वाचायला लावू नकोस – “आमचा गुणवत्तेवर विश्वास” हे वाक्य सगळ्याच कंपन्यांच्या फिल्ममध्ये असतं आणि कुणाच्याच लक्षात राहत नाही. पहिलं मशीन कुणाला विकलं, पैसे कसे आले, ते चाललं का, एवढं विचार आणि थांब. ते गुजरातीत बोलतील, बोलू दे. खाली ओळी लिहिता येतात. बारीक रेघांचा शर्ट तेवढा बदलायला सांग – कॅमेऱ्यात त्या रेघा थरथरतात.

३६. शेठच्या घरच्या कपाटातले जुने फोटो तिथंच बसून स्कॅन कर, सोबत आणू नकोस – लग्नाच्या अल्बममधला एक फोटो हरवला तर सगळी फिल्म विसरली जाईल आणि तेवढंच लक्षात राहील.

३७. ड्रोन उडवायचा तर आदल्या आठवड्यात डिजिटल स्कायचा नकाशा बघ आणि नोंदणी असलेल्या, परवानाधारक पायलटलाच बोलाव – २०२१ च्या नियमांत विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच मोकळीक आहे, त्याच्या आत आधी परवानगी. सुरतेचं विमानतळ मगदल्ल्याकडे, त्यामुळे उधना-पांडेसऱ्याचं अंतर अंदाजानं धरू नकोस. आणि छपराचे दोन शॉट पुरतात. पत्र्याच्या छपराखाली काय चालतं ते बघायला माणसं येतात.

३८. एडिटला बसण्याआधी बर्ट हान्स्ट्रा या डच माणसाची ‘ग्लास’ बघ, १९५८ ची, दहा-अकरा मिनिटांची – निवेदनाचा एक शब्द नाही. फुंकून काच करणारे कारीगर आणि बाटल्या करणारी यंत्रं यांची लय लावून त्यानं ऑस्कर आणलं. कारीगराचा श्वास आणि हात तो किती वेळ धरून ठेवतो ते मोज, आणि मग तुझे दीड-दीड सेकंदांचे तुकडे बघ.

३९. पहिली जुळणी शेठच्या आधी जुन्या फिटरला दाखव – उलटा लावलेला शॉट, चुकीचं नाव, अर्धवट राहिलेलं काम तोच पकडतो, आणि तेही चहाच्या कपात.

४०. ‘सर्वांत मोठे’, ‘भारतात पहिले’ असं काही बोलायचं असेल तर कागद माग, आयएसओ सर्टिफिकेटची मुदतही बघ – पुरावा नसलेला दावा जाहिरातीच्या नियमांत बसत नाही, आणि जाणकार गिऱ्हाईक तर त्यावर हसतोच.

४१. जगाचा नकाशा दाखवून निर्यातीचे बाण काढायचे असतील तर भारताची सीमा सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाप्रमाणेच घे – इंटरनेटवरचे तयार नकाशे काश्मीर तोडून दाखवतात. पंतप्रधानांबरोबरचा शेठचा फोटोही धंद्याच्या फिल्ममध्ये नको; १९५० च्या एका कायद्यात त्याला मनाई आहे. घरी फ्रेममध्ये छान दिसतो, असं प्रेमानं सांग.

४२. सिनेमाचं गाणं खाली वाजवू नकोस, परवाना घेतलेलं संगीत घे आणि पावती जपून ठेव – फिल्म ऐन प्रदर्शनाच्या दिवशी नेटवरून काढली गेली तर फोन तुलाच येणार.

४३. त्याच संध्याकाळी कार्डाच्या तीन प्रती कर: दोन वेगवेगळ्या डिस्कवर, आणि तिसरी दुसऱ्या घरी, जमल्यास दुसऱ्या गावी. नंदुरबारला मावशी आहेच – २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाईचं पाणी सुटलं तेव्हा सुरतेचा बराचसा भाग तापीखाली गेला होता, आणि खाडीचं पाणी तर अजूनही पावसाळ्यात गल्लीत येतं. डिस्क खालच्या मजल्यावर ठेवू नकोस. एक डिस्क, अर्धी झोप.

४४. फिल्म शेठना व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नकोस, डॉक्युमेंट म्हणून पाठव किंवा लिंक दे. त्याहून बरं, लॅपटॉप घेऊन स्वतः जा – दाबून पाठवलेल्या चित्रात स्टील राखाडी दिसतं, आणि पहिल्यांदा बघितलेलंच मनात बसतं.

४५. प्रदर्शनाच्या प्रतीवर अक्षरं मोठी ठेव आणि आवाज बंद करून स्वतः एकदा पूर्ण बघ – कळली तर पुढं ने, नाही कळली तर पुन्हा एडिटला बस.

४६. शेवटच्या पाटीवर कारागिरांची नावं घाल, आणि स्पेलिंग त्यांच्याकडूनच घे – आधार कार्डावर एक आणि हाक मारायला दुसरं असतं. कुठलं हवं ते त्यांना ठरवू दे. शेठना वाटलं जागा जास्त जाते, तर छोटी अक्षरं कर, पण काढू नकोस.

४७. दुपारच्या सुट्टीत शेडमध्येच पडदा लावून सगळ्यांना एकदा दाखव, शेठच्या परवानगीनं – घरी बायकोपोरांना दाखवायला त्यांना फाइल हवी असते, तीही तेव्हाच प्रत्येकाच्या फोनमध्ये घाल.

४८. बिल त्याच दिवशी दे, आणि कच्चं फुटेज किती महिने सांभाळणार हे बिलावरच लिही – वर्ष-दीड वर्षानं धाकट्या शेठचा फोन येतोच, “ते क्रेनवालं जरा काढून दे ना.” मुदत लिहिलेली असली तर शोधायचे पैसे मागता येतात, आणि फोल्डरला तारीख आणि मशीनचं नाव दिलेलं असलं तर ते पाच मिनिटांत सापडतंही.